एक चंचुपात्र, तीन चित्रे

इयत्ता सातवीतील एखाद्या विद्यार्थ्याचे आठवड्याचे वेळापत्रक डोळ्यांसमोर आणू या. सोमवारी विज्ञानाच्या तासाला तो चंचुपात्राची आकृती काढतो. दोन उभ्या रेषा, खाली एक आडवी रेषा आणि वरचे तोंड उघडे. बुधवारी चित्रकलेच्या तासाला टेबलावर पेला ठेवलेला असतो. इथे त्याने तोंड लंबवर्तुळाकार काढायचे असते आणि तळही किंचित गोलाई देऊन दाखवायचा असतो. शुक्रवारी भूमितीत वृत्तचिती येते. ती समोरून आयत आणि वरून वृत्त अशी दोन तुकड्यांत काढायची असते. वस्तू एकाच जातीची आहे, पण चित्रे तीन आहेत. सोमवारची आकृती बुधवारी काढली तर लाल शाईची खूण होते, आणि बुधवारची सोमवारी काढली तरीही होते. तीनही शिक्षक आपापल्या जागी बरोबर असतात. मात्र एकाच वस्तूची तीन वेगवेगळी चित्रे बरोबर कशी असू शकतात, हे त्या मुलाला कोणीच सांगत नाही.

महाराष्ट्रातील शासकीय रेखाकला परीक्षांतही असेच दिसते. कला संचालनालयाच्या इंटरमिजिएट परीक्षेला बसणारा विद्यार्थी एका प्रश्नपत्रिकेत समोर मांडलेल्या वस्तूंचे स्थिरचित्र काढतो आणि दुसऱ्या प्रश्नपत्रिकेत घनभूमिती सोडवतो. दोन्हींसाठी महिनोन्‌महिने सराव होतो. पण घन वस्तू सपाट कागदावर कशी आणायची, या एकाच प्रश्नाची ही दोन उत्तरे आहेत, हे बहुतेकांच्या लक्षात न येताच परीक्षा संपते. एका विषयात ‘हात चांगला’ लागतो आणि दुसऱ्यात ‘कंपास चांगली’ लागते, एवढाच बोध उरतो.

या लेखात आम्ही या तीन रीती शेजारीशेजारी ठेवणार आहोत. प्रत्येक रीत वस्तूविषयीचे काही सत्य राखते आणि काही सोडून देते. काय राखायचे ते चित्राच्या उपयोगावरून ठरते. सहावी ते आठवीच्या मुलांना चित्रकला आणि संकल्पन शिकवताना ही गोष्ट उघड करून सांगितली, तर पुष्कळ अडचणी सुटतात असे आम्हाला वाटते.

मूल चुकते की निवड करते?

पेल्याचे तोंड गोल आणि तळ मात्र पट्टीने आखल्यासारखा सरळ, असे चित्र प्रत्येक चित्रकला शिक्षकाने पाहिलेले असते. टेबलाचे चार पाय चार दिशांना पसरलेले चित्रही ओळखीचे आहे. ‘नीट बघून काढ’ असे आपण सांगतो. मूल पुन्हा बघते आणि पुन्हा तसेच काढते. कारण अडचण बघण्यात नसतेच. टेबलाला चार पाय आहेत हे त्याला माहीत आहे आणि ते त्याला सांगायचे आहे. पेला टेबलावर डुगडुगत नाही, म्हणजे तळ सपाट आहे, हेही त्याला माहीत आहे. माहीत असलेले ते कागदावर मांडते. फ्रेंच अभ्यासक ल्यूके यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या प्रवृत्तीला ‘बौद्धिक वास्तव’ असे नाव दिले. दिसते ते काढणे म्हणजे ‘दृश्य वास्तव’, आणि ठाऊक आहे ते काढणे म्हणजे ‘बौद्धिक वास्तव’.

१९७२ मध्ये फ्रीमन आणि जानिकून या संशोधकांनी याची एक सोपी चाचणी घेतली. मुलांसमोर कप ठेवला. कान मागच्या बाजूला, दिसणार नाही असा; आणि कपावरचे फूल समोर, दिसेल असे. लहान मुलांनी न दिसणारा कान काढला आणि दिसणारे फूल बहुधा गाळले. त्यांच्या दृष्टीने कानाशिवाय कप म्हणजे कपच नव्हे. साधारण आठव्या वर्षापासूनची मुले दिसते तसे काढू लागली. कप आणि स्टिकर घेऊन हा प्रयोग कोणत्याही शाळेत करता येईल.

पण ‘दिसते तसे’ काढायचे ठरवल्यावरही मार्ग सोपा नसतो. १९७७ मध्ये जॉन विलॅट्स यांनी ५ ते १७ वर्षे वयाच्या मुलांना ठरावीक जागी बसवून, वस्तू मांडलेले एक टेबल काढायला सांगितले. लहानांनी टेबलाचा वरचा पृष्ठभाग नुसत्या रेषेने दाखवला आणि वस्तू त्या रेषेवर उभ्या केल्या. त्यांहून मोठ्यांनी तो पृष्ठभाग उभ्या आयतासारखा दाखवला, जणू टेबल भिंतीवर टांगले आहे. त्यांहून मोठ्यांनी तो समांतरभुज चौकोनासारखा तिरपा काढला. दूर जाणाऱ्या कडा एकमेकींकडे झुकवणारी मुले त्यानंतर आली. साधारण अकरा ते चौदा या वयात बरीच मुले मधल्या दोन पायऱ्यांवर असतात. म्हणजे आपल्या सहावी ते आठवीच्या वर्गात एकाच बाकावर बसलेली दोन मुले दोन वेगळ्या नियमांनी चित्र काढत असतील. प्रत्येकाचा आपला नियम सुसंगत असतो. मुलाचा नियम कोणता हे ओळखले, तर पुढचा नियम दाखवता येतो. नुसते ‘चूक’ म्हटले तर मूल एवढेच शिकते की आपल्याला चित्रकला येत नाही.

हे वय नाजूक असते. बाराव्या-तेराव्या वर्षी मुलांची स्वतःच्या चित्राबद्दलची अपेक्षा एकदम वाढते, पण हातात रीत नसते. ‘माझा हात चांगला नाही’ हा निकाल मूल याच काळात स्वतःला देते आणि तो बहुधा जन्मभर टिकतो.

पहिली रीत : बघणाऱ्याचे चित्र

खिडकीच्या काचेसमोर उभे राहा, एक डोळा मिटा, मान स्थिर ठेवा आणि बाहेर जे दिसते ते काचेवर स्केचपेनने गिरवा. काचेवर उमटलेले चित्र म्हणजे यथादर्शन, चित्रकलेचे शिक्षक ज्याला पर्स्पेक्टिव्ह म्हणतात ते. पंधराव्या शतकाच्या आरंभी फ्लॉरेन्समध्ये ब्रुनेलेस्कीने या रीतीची प्रात्यक्षिके करून दाखवली. १४३५ मध्ये आल्बेर्तीने तिचे नियम ग्रंथात मांडताना चित्राला खिडकीची उपमा दिली. जर्मन चित्रकार ड्यूररने १५२५ च्या आपल्या पुस्तकात दोरा आणि चौकट वापरून असे चित्र काढण्याचे यंत्रच दाखवले आहे.

या रीतीमागचे गणित सातवी-आठवीच्या आवाक्यातले आहे. समजा, डोळ्यापासून ५० सेंटिमीटरवर काच आहे आणि रस्त्यावर ८ मीटर उंचीचे विजेचे खांब आहेत. समरूप त्रिकोणांच्या नियमाने १० मीटरवरचा खांब काचेवर ४० सेंटिमीटर येईल, २० मीटरवरचा २० सेंटिमीटर आणि ४० मीटरवरचा १० सेंटिमीटर. अंतर दुप्पट झाले की उंची निम्मी होते.

आता पेल्याकडे वळू. सरळ भिंतींचा स्टीलचा डबा घ्या. व्यास ८ सेंटिमीटर, उंची १२ सेंटिमीटर. तो टेबलावर अशा ठिकाणी ठेवा की डोळा त्याच्या तोंडाच्या पातळीपासून ३० सेंटिमीटर उंच असेल आणि आडवे अंतर ५२ सेंटिमीटर असेल. मग नजरेची रेषा तोंडाच्या प्रतलाशी ३० अंशांचा कोन करते. गोल तोंड जितके रुंद दिसते त्याच्या निम्मे उंच दिसते, कारण ३० अंशांची ज्या, म्हणजे साइन, ०.५ आहे. तळ मात्र डोळ्यापासून ४२ सेंटिमीटर खाली आहे. तिथे कोन सुमारे ३९ अंशांचा होतो आणि गुणोत्तर ०.६३ येते. म्हणजे तोंडापेक्षा तळाचे लंबवर्तुळ अधिक फुगीर असते, सरळ तर ते मुळीच नसते. ज्या तळाला मूल पट्टी लावते, तोच तळ जास्त गोल काढायला हवा! आठवीच्या मुलांना ज्या माहीत नसेल, तर कागदावर प्रमाणात आकृती काढून कोनमापकाने कोन मोजावा. उत्तर तेच मिळते.

मग डबा हळूहळू वर उचलावा. तोंड डोळ्याच्या पातळीत आले की लंबवर्तुळ मिटून रेषा होते. त्याहून वर नेले की तोंड दिसेनासे होते. हे एकदा पाहिलेल्या मुलाला तळ सरळ काढू नको असे फार वेळा सांगावे लागत नाही.

या रीतीने काय राखले? एका जागी उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्याचा अनुभव. आणि काय सोडले? मापे. यथादर्शनातील चित्रावर पट्टी ठेवून डब्याचा व्यास काढता येत नाही.

दुसरी रीत : बनवणाऱ्याचे चित्र

डबा बनवणाऱ्याला माप लागते. इथे रहाटणीची आठवण येते. पवनेच्या खोऱ्यातील हे एके काळचे शेतीचे गाव आज पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेचा दाट वस्तीचा भाग आहे. एका बाजूला काळेवाडी आणि दुसऱ्या बाजूला पिंपळे सौदागर आहे. इथल्या अनेक घरांतील माणसे पिंपरी, चिंचवड, भोसरी किंवा चाकणच्या कारखान्यांत आणि लहान वर्कशॉपमध्ये कामाला जातात. कोणी लेथवर असते, कोणी व्हीएमसी यंत्रावर, कोणी तपासणी विभागात. त्यांच्या तोंडी ‘ड्रॉइंग’ हा शब्द रोज असतो. ड्रॉइंग वाचता आले तर माणूस हेल्परचा ऑपरेटर होऊ शकतो. आणि त्याच घरातील मूल शाळेत ‘ड्रॉइंगचा तास’ म्हणजे मोकळा तास असे समजते. एकच शब्द घरात दोन अर्थांनी नांदतो आणि त्या दोन अर्थांची गाठ पडत नाही.

कारखान्यातले ड्रॉइंग यथादर्शनात नसते. इथे डोळा एका जागी मानलेला नसतो. वस्तूच्या प्रत्येक बिंदूतून कागदावर लंब टाकला आहे असे मानतात. म्हणून या रीतीला लंबप्रक्षेप म्हणतात. जवळचे-दूरचे असा भेद राहत नाही आणि माप शाबूत राहते. मात्र एका चित्रात एकच बाजू मावते, म्हणून समोरून, वरून आणि बाजूने अशी तीन रूपे काढावी लागतात. या रीतीला शास्त्राचे रूप दिले ते फ्रान्सच्या गास्पार मोंझ (१७४६–१८१८) याने. मेझिएरच्या लष्करी विद्यालयात असताना त्याने किल्ल्याच्या तटबंदीचा एक प्रश्न लांबलचक आकडेमोड टाळून रेखाकृतीने सोडवला. ही रीत इतकी उपयुक्त ठरली की लष्कराने ती अनेक वर्षे गुप्त ठेवली. मोंझला तिच्यावर उघड व्याख्याने देता आली ती १७९५ मध्ये.

वर्गात हे शिकवायला एक नट पुरतो. एम-१६ चा, म्हणजे ज्याला २४ चा पाना लागतो तो षटकोनी नट घ्या. समोरासमोरच्या दोन सपाट बाजूंमधले अंतर २४ मिलिमीटर असते. तो टेबलावर आडवा ठेवून एक सपाट बाजू अगदी समोर येईल असा पाहिला, तर तीन बाजू दिसतात. मधली पूर्ण रुंद आणि कडेच्या दोन निम्म्या, असे १ : २ : १ प्रमाण येते. कोपरे घासलेले नाहीत असे मानले तर एकूण रुंदी सुमारे २७.७ मिलिमीटर होते. आता नट जागच्या जागी पाव फेरा फिरवा. आता दोनच बाजू दिसतात, प्रत्येक १२ मिलिमीटर, आणि एकूण रुंदी २४ मिलिमीटर. मुलांना आधी विचारावे, ‘नटाच्या किती बाजू दिसतात?’ वर्गात वाद होतो, आणि तो होऊ द्यावा. एकाला तीन दिसतात, दुसऱ्याला दोन, आणि दोघेही खरे असतात. वाद मिटवायचा तर वरून पाहावे लागते. तिसऱ्या रूपाची गरज अशी मुलांनाच पटते.

दुसरे कोडे याहून मौजेचे आहे. ‘समोरून चौरस, वरूनही चौरस. वस्तू कोणती?’ सगळा वर्ग ‘घन’ म्हणून ओरडेल. मग साबणाच्या वडीचा किंवा बटाट्याचा एक घन कापून घ्यावा. त्याच्या वरच्या मागील कडेपासून खालच्या पुढील कडेपर्यंत तिरपा काप द्यावा. उरलेली पाचर समोरून चौरसच दिसते आणि वरूनही चौरसच. बाजूने मात्र ती काटकोन त्रिकोण आहे. तिरप्या कापाऐवजी गोलाई दिली तरी समोरचे आणि वरचे रूप तेच राहते. बाजूचे रूप पाव वर्तुळाचे होते. दोन चित्रे अचूक असूनही वस्तू ठरत नाही. पुरेशी माहिती म्हणजे काय, याचा याहून चांगला पाठ आम्हाला माहीत नाही.

तीन रूपे कागदावर कशी मांडायची याचाही नियम लागतो. भारतात भारतीय मानक ब्यूरोने पहिल्या कोनाची पद्धत स्वीकारली आहे. वस्तू मधे, बघणारा अलीकडे आणि कागद पलीकडे, अशी कल्पना करायची. वरून पाहिलेले रूप सावलीसारखे खाली जमिनीवर पडते, म्हणून ते समोरच्या रूपाच्या खाली येते. अमेरिका आणि जपान येथे तिसऱ्या कोनाची पद्धत रूढ आहे. तीत वस्तू आणि बघणारा यांच्यामध्ये काच मानतात, म्हणून वरचे रूप वरच येते. कोणती पद्धत वापरली हे सांगण्यासाठी ड्रॉइंगच्या कोपऱ्यात छाटलेल्या शंकूचे एक लहान चिन्ह असते. परदेशी कंपन्यांची कामे करणाऱ्या पट्ट्यात ते चिन्ह न पाहता काम केले, तर डावीकडचे भोक उजवीकडे पडू शकते. मग तो जॉब भंगारात जातो.

तिसरी रीत : सांगणाऱ्याचे चित्र

विज्ञानाच्या वहीतले चंचुपात्र या दोन्हींपेक्षा वेगळे असते. तिथे पात्र उभे कापले आहे असे मानतात. कारण आतील द्रवाची पातळी, बुडालेली नळी आणि तापमापीचा फुगा किती खोल आहे हे सांगायचे असते. तोंडाचे लंबवर्तुळ काढले तर ते या माहितीच्या आड येते. फुलाचा उभा छेद, हृदयाचे चार कप्पे, विद्युत परिपथ ही सर्व अशीच चित्रे आहेत. परिपथात तर घटाचा आकारही सोडून दिलेला असतो आणि फक्त जोडणी राखलेली असते. ही आकृती ‘कमी कलात्मक’ असते असे नाही, तिचे काम वेगळे असते.

या रीतीचे सर्वांत सुंदर उदाहरण आपल्या घरचेच आहे. वारली चित्रातला तारपा नाच आठवा. नाचणाऱ्यांची वळणदार साखळी आपल्याला आकाशातून पाहिल्यासारखी दिसते. तिच्यातील प्रत्येक माणूस मात्र बाजूने पाहिलेला असतो. एकाच भिंतीवर दोन दिशांची रूपे एकत्र नांदतात आणि बघणाऱ्याचा जराही गोंधळ होत नाही. नाच गोलाकार आहे हे वरूनच कळते, माणूस कसा नाचतो हे बाजूनेच कळते, आणि चित्रकाराला दोन्ही सांगायचे असते. जिव्या सोमा म्हशे (१९३४–२०१८) यांच्या चित्रांनी ही रीत जगभर पोचवली. लघुचित्रांतले पलंग आणि चौथरे पाहिले तर त्यांच्या कडा बहुधा समांतरच राहतात. दूर जाऊन त्या एकत्र येत नाहीत. विसाव्या शतकात पिकासो आणि ब्राक यांनी एकाच चित्रात अनेक बाजू मुद्दाम आणल्या, तेव्हा त्याला नव्या कलेचे नाव मिळाले.

तेव्हा टेबलाचे चारही पाय दाखवणाऱ्या मुलाची गणना कोणात करायची? ते मूल सांगणाऱ्याची रीत वापरत आहे. त्याला एवढेच म्हणावे, ‘तू टेबलाविषयी सांगितलेस ते कळले. आता तुझ्या जागेवरून ते कसे दिसते ते काढ.’ यात त्याचे पहिले चित्र चूक ठरत नाही.

चित्रापासून वस्तूकडे

‘संकल्पचित्र’ म्हटले की शाळेत चौरसात किंवा वर्तुळात पाना-फुलांची नक्षी भरणे एवढेच समजले जाते. नक्षीला स्वतःचे मोल आहे, त्याबद्दल वाद नाही. पण संकल्पन या शब्दाचा अर्थ मोठा आहे. गरज ओळखणे, कल्पना कागदावर आणणे, मापे ठरवणे, वस्तू करणे, वापरून पाहणे आणि पुन्हा कागदाकडे येणे हे सारे त्यात येते. मुंबईत १८५७ मध्ये सर जमशेटजी जीजीभाय यांच्या देणगीतून जी कलाशाळा सुरू झाली, तिच्या उद्देशातही कला आणि उद्योग हे दोन्ही शब्द होते. पुढे शाळांतून हे दोन शब्द वेगळे झाले.

त्यांना पुन्हा जोडण्याचा एक पद्धतशीर प्रयत्न मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात या शतकाच्या पहिल्या दशकात झाला. तेथील संशोधकांनी उच्च प्राथमिक वर्गांसाठी पिशवी, वजन उचलणारी पवनचक्की आणि कळसूत्री बाहुल्या असे पाठ तयार केले. ते शहरी इंग्रजी, शहरी मराठी आणि ग्रामीण आदिवासी अशा तीन प्रकारच्या शाळांतील मुलांबरोबर करून पाहिले. गटाने आधी कच्ची रेखाटने करायची, मग मापांसह आकृती, मग कामाच्या पायऱ्यांचा आराखडा, आणि त्यानंतरच कात्री हातात घ्यायची, असा त्याचा क्रम होता. चित्र हे इथे विचार करण्याचे आणि आपसांत बोलण्याचे साधन होते.

याच धर्तीवर दोन-तीन तासांत होणारा एक पाठ आम्ही सुचवतो. प्रत्येक गटाने फळ्याखालच्या फळीवर बसेल असा खडूंचा डबा योजायचा. अटी अशा : फळीची रुंदी मुलांनी स्वतः मोजायची, डब्यात २० खडू मावले पाहिजेत, लहान तुकड्यांसाठी वेगळा कप्पा हवा आणि एका कार्डशीटच्या अर्ध्या भागातून काम झाले पाहिजे. गटाने आधी डबा कसा दिसेल याचे मुक्त चित्र काढावे, मग मापांसह तीन रूपे. यानंतर मुख्य भाग येतो. ती तीन रूपे दुसऱ्या गटाला द्यायची आणि डबा त्या गटाने बनवायचा. मूळ गटाला प्रश्न विचारायचे नाहीत आणि मूळ गटानेही काही सांगायचे नाही. शेवटी डबा आणि मुक्त चित्र शेजारी ठेवून पाहायचे.

डबा बहुधा बिघडतो, आणि बिघाडाचे कारण चित्रात सापडते. एखादे माप लिहायचे राहिले असेल. माप आतले की बाहेरचे हे सांगितले नसेल. चिकटवायची पट्टी धरली नसेल. मधला कप्पा समोरून दिसत नाही म्हणून दाखवलाच नसेल. या शेवटच्या अडचणीवर मुले स्वतःच तोडगा काढू लागतात : कोणी फिकट रेषा सुचवतो, कोणी ठिपके. तेव्हा शिक्षकाने सांगावे की न दिसणारी कड तुटक रेषेने दाखवण्याचा नियम याच अडचणीतून आला आहे. मग तो नियम पाठ करून घ्यावा लागत नाही. गुण देतानाही निम्मे गुण एका प्रश्नासाठी राखावेत : दुसऱ्या गटाला हे चित्र वाचता आले का?

शंका आणि अडचणी

यावर दोन शंका घेतल्या जातील. पहिली अशी की चित्रकलेचा तास कारखान्याच्या दावणीला बांधायचा का? तसे आम्हाला मुळीच म्हणायचे नाही. रंग, कल्पना, लय यांचा आनंद हा त्या तासाचा प्राण आहे. पण ज्याला तीन रीती ठाऊक आहेत, तो चौथी शोधू शकतो. ज्याला एकही नीट कळलेली नाही, त्याला पोस्टर आणि ग्रीटिंगची नक्कल करण्यावाचून गत्यंतर नसते. दुसरी शंका संगणकाची. आता यंत्रच तीन रूपे काढून देते, मग हाताने कशाला? यंत्र रूपे काढते हे खरे. पण कोणते रूप हवे, कुठे छेद घ्यायचा, कोणते माप लिहायचे आणि समोरचे रूप वाचून वस्तू डोळ्यांपुढे कशी आणायची, हे माणसालाच करावे लागते.

अडचण वेळेची आणि माणसांची आहे. कित्येक शाळांत चित्रकलेचा शिक्षक नसतो. असला तरी परीक्षा जवळ आली की त्याचा तास गणिताला जातो. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ साठी नेमलेल्या गटाने दहावीपर्यंत कलाविषय सक्तीचे करावेत अशी शिफारस केली होती. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या काळात दहा दिवस दप्तराविना, स्थानिक कारागिरांजवळ शिकण्यासाठी ठेवण्याची कल्पना आहे. रहाटणीसारख्या ठिकाणी असे कारागीर शोधायला लांब जावे लागत नाही, ते पालकसभेतच बसलेले असतात. एखाद्या पालकाने वर्गात येऊन व्हर्नियर कसा धरायचा आणि ड्रॉइंगवरून काम कसे सुरू करायचे हे अर्धा तास दाखवले, तर मुलाच्या नजरेत चित्रालाही मान येतो आणि त्या पालकालाही. कंपन्यांची ड्रॉइंगे गोपनीय असतात, ती मागू नयेत. मालकाच्या संमतीने बाद झालेले नट, वॉशर, ब्रॅकेट मिळाले तरी वर्षभराची सामग्री होते. धार असलेले तुकडे मात्र आधी कानशीने घासून घ्यावेत.

हातांनी केलेल्या कामातून शिकवता येते याचा दाखलाही फार दूर नाही. चाकणच्या पूर्वेस, शिरूर तालुक्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. आठवी ते दहावीसाठी त्यांनी मांडलेल्या मूलभूत तंत्रज्ञानाच्या अभ्यासक्रमात मुले आठवड्यातला एक दिवस गावाच्या उपयोगाची कामे करत शिकत.

सुरुवातीला याहून लहान पाऊल पुरेल. विज्ञान, गणित आणि चित्रकला या तीन विषयांच्या शिक्षकांनी सत्राच्या आरंभी अर्धा तास एकत्र बसावे आणि एकच वस्तू ठरवावी : पेला, नट किंवा खडूचा डबा. त्या आठवड्यात तिन्ही तासांना तीच वस्तू काढून घ्यावी आणि शनिवारी तिन्ही चित्रे फळ्यावर शेजारीशेजारी लावावीत. प्रत्येक चित्राखाली मुलांनी दोन ओळी लिहाव्यात : हे चित्र कोणासाठी आहे, आणि यात काय सोडून दिले आहे. दुसरी ओळ लिहिताना मुले अडतील. तिथेच थांबून त्यांच्याशी बोलावे.